मनगटाचं माप

दुकान बंद व्हायला दहा मिनिटं होती
तेव्हा हिनेवाई आली, मागून तिची लेक मारामा.
दोघींना मिळून एकच ग्लव्ह हवा होता.
गुरुवारी संध्याकाळी आई शॉर्टस्टॉपला,
शनिवारी सकाळी लेक तिसऱ्या बेसवर.
नाएनाएत याचं कुणाला नवल नाही,
एका बॅटवर तीन तीन भावंडं वाढलेली
मी याच काउंटरमागून पाहिली आहेत.

तिन्ही प्रकार समोर मांडले.
हा बकलचा : वादी ओढायची, काटा भोकात,
एकदा बसला की बसला.
हा वेलक्रोचा : हवा तेवढा आवळा, हवा तेवढा सोडा,
आवाज मात्र गोणपाट फाडल्यासारखा.
आणि हा नुसत्या वादीचा, ओवलेला, गाठ मारलेला;
एकदा तुमच्या हाताचा झाला
की दुसऱ्या कुणाला ओळख देत नाही.

"तो नको," हिनेवाई म्हणाली, "मी एकटी नाही."

मारामाचं बोट बकलवर. पितळी होतं.
अकराव्या वर्षी जे चकाकतं ते सोनंच.
मीही मग गिऱ्हाइकाला सांगू नये ते सांगून टाकलं :
वेलक्रो दोन हंगाम, फार तर.
मग तिच्या दातांत गवत अडकतं, मोज्याची लोकर, बेसपाशची माती,
आणि ऐन चेंडू येताना ती तोंड उघडते.
बकलचं तसं नाही.
माझ्या थोरल्या भावाच्या ग्लव्हचं बकल अजून चालू आहे.
भाऊ नाही, ग्लव्हही नाही,
बकल मी कुत्र्याच्या पट्ट्याला लावलंय.

हसल्या दोघी.
"घाल बघू," मी म्हटलं.
हिनेवाईने डावा हात आत सरकवला,
मी वादी ओढली, काटा तिसऱ्या भोकात,
आणि ती काही बोलली नाही.

न बोलण्याचेही प्रकार असतात.
चाळीस वर्षं हातांशी धंदा केलाय,
हा प्रकार मला कळतो.
ग्लव्ह काढला तेव्हा दिसलं :
तळहाताच्या मुळाशी बोटभर गुलाबी रेघ,
टाके काढून महिनाही झाला नसेल.
आतली गादी नेमकी तिथे रुतत होती.
सतरा वर्षं इस्पितळाच्या लाँड्रीत ओल्या चादरी उचलल्या
की रात्री हात आधी झोपतात, आपण मागून,
असं तिनेच एकदा सांगितलं होतं,
आज वारा फार आहे म्हणावं तसं.

मारामाने रेघ पाहिली.
तिने पाहिलेलं मी पाहिलं.
बकलवालं तिने हळूच खाली ठेवलं,
निजलेलं मांजर ठेवावं तसं.

"मला वेलक्रो. आवाज भारी आहे."
"दोन हंगाम टिकतो म्हणाले ना मिस्टर लेइलुआ!"
"मग दोन हंगाम."
आणि टर्र, टर्र, टर्र,
तीनदा उघडून लावून दाखवलं तिने,
इतक्या जोरात की आईला पुढचं बोलता येईना.

पाच डॉलरमध्ये नवी पट्टी शिवून देतो मी.
हे सांगायचं राहिलंच.
राहिलं की ठेवलं, देव जाणे.
पोरीने एवढं काही दिलं होतं,
त्यात मी मध्येच सूट कुठे जाहीर करू?

गुरुवारी दक्षिणेचा वारा सुटला होता.
चिप्सचा कागद गुडघ्याखाली दाबून मी बाकावर बसलो.
दर दोन-चार चेंडूंनी शॉर्टस्टॉपकडून आवाज यायचा,
पट्टी सैल व्हायची, पुन्हा लागायची.
बॅट घेतलेली बाई दोनदा दचकली,
अंपायरने एकदा वळून पाहिलं.

माझ्या शेजारी मारामा. खेळाकडे लक्ष नाही.
पेन्सिलीने स्कोअरच्या कागदावर
कोपऱ्यात काहीतरी रेघा मारत होती.
धावा असतील म्हणून वाकून मोजल्या.

सातव्या डावापर्यंत एकोणीस.
धावा तर चारच झाल्या होत्या.